आयरिश गुप्तधन: एवढ्या गोष्टी, पण हंडा कुणालाच का मिळत नाही?

सांजवात

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. आयर्लंडच्या लोकसाहित्य आयोगाने १९३७ ते १९३९ या काळात शाळकरी पोरांकडून गावोगावच्या गोष्टी लिहून घेतल्या होत्या. अकरा ते चौदा वर्षांची सुमारे पन्नास हजार मुलं, शाळा पाच हजारांच्या आसपास. घरी जायचं, आजी-आजोबांना, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारायचं आणि वहीत उतरवायचं. शिक्षकांना विषयांची यादी दिलेली होती, त्यात 'गुप्तधन' हा एक विषय. आता हे सगळं डूखस नावाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतं. मी सध्या त्यातच बुडाले आहे.

गोष्टींचा साचा साधारण असा. एका माणसाला लागोपाठ तीन रात्री एकच स्वप्न पडतं: अमक्या शेतातल्या जुन्या गढीत, काटेरी झाडाखाली सोन्याचं मडकं आहे. तो दोघा सोबत्यांना घेऊन मध्यरात्री जातो. अट एकच, खणताना तोंडातून शब्द काढायचा नाही. कुदळ फरशीवर खण्ण वाजते. तेवढ्यात काळं मांजर येतं, किंवा बैल, किंवा मुंडकं नसलेला माणूस. कुणीतरी घाबरून ओरडतो आणि संपलं, मडकं गडप. मला सगळ्यात आवडलेला प्रकार: खणणारा सहज मागे वळून बघतो तर गावात त्याचं घर पेटलेलं. कुदळ टाकून पळत सुटतो. घरी पोचतो तर बायको ढाराढूर झोपलेली आणि चूल विझलेली. परत येतो तर खड्डा बुजलेला, वर गवत.

तर प्रश्न असा. सोनं मिळणारच नाही हे ऐकणाऱ्यालाही आधीच ठाऊक. मग पिढ्यान्‌पिढ्या ही गोष्ट सांगायची कशाला?

खडीसाखर

ज्याला मिळालं तो गोष्ट सांगत बसेल का, ताई? तो गुपचूप चार एकर घेऊन मोकळा झाला असेल. आपल्याला ऐकायला मिळतात त्या सगळ्या हरलेल्यांच्याच.

आडवळण

खडीसाखर, अगदी बरोबर. मिळाल्याच्याही गोष्टी आहेत, पण त्या कायम दुसऱ्याबद्दलच्या. एखाद्याने अचानक दुकान टाकलं, पोरीला घसघशीत हुंडा दिला, की गाव म्हणणार, 'याला मडकं सापडलं असणार.' म्हणजे सापडल्याची गोष्ट सांगतो शेजारी आणि न सापडल्याची सांगतो घरचा माणूस. आमच्याकडेही कुणाचा वाडा पटकन उभा राहिला की हंड्याचीच चर्चा व्हायची. कर्जाची कुणी करत नाही.

लिफीकाठची

मी डब्लिनला असते. या गढ्यांबद्दल थोडं सांगते, कारण शब्द वाचून डोळ्यासमोर रायगड येईल. तसं काही नाही. शेताच्या मधोमध मातीचा गोल बांध, कमरेइतका किंवा थोडा उंच, बाहेर चर, आत गवत आणि बांधावर हॉथॉर्नची काटेरी झाडं. दुरून झाडांचं कडं दिसतं फक्त. लिस किंवा रॅथ म्हणतात. देशभरात मिळून पंचेचाळीस हजारांच्या आसपास आहेत, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक गावाला स्वतःची एक गढी आणि स्वतःचं एक मडकं.

ऑफिसातल्या एकाचे वडील गॉलवेकडे गाई पाळतात. २०१८ च्या उन्हाळ्यात चाऱ्याची इतकी बोंब होती की लोक रस्त्याकडेचं गवतसुद्धा कापत होते. यांच्या गढीत गुडघाभर गवत उभं. कापलं नाही. मी विचारलं, भीती वाटते का? तो म्हणाला, 'छे, वडील म्हणतात तिथे ट्रॅक्टर नीट वळत नाही.' मी ती गढी पाहिली आहे. तिथे ट्रक वळेल.

तांबडी_माती

यातली गंमत म्हणजे लोक या गढ्यांना 'डेन लोकांच्या' म्हणत. म्हणजे व्हायकिंग. ते हरून पळाले तेव्हा सोनं पुरून गेले आणि अजून त्यांचे वारस तिकडे मृत्युपत्रात आयर्लंडमधली शेतं एकमेकांना लिहून देतात, अशी समजूत. इतिहास वेगळाच. बहुतेक गढ्या आयरिश शेतकऱ्यांनीच बांधलेल्या, साधारण इसवी सन ५०० ते १००० मधल्या. म्हणजे स्वतःच्याच पणजोबाच्या घराला शत्रूचं घर समजून लोक तिथे खणायला जात होते.

डेन लोकांची आणखी एक गोष्ट आहे, सोन्याइतकीच मौल्यवान. त्यांना म्हणे हेदरच्या फुलांची बिअर करता यायची आणि कृती फक्त त्यांनाच माहीत. लढाईनंतर शेवटचे दोघे उरले, बाप आणि मुलगा. आयरिश लोक म्हणाले, कृती सांगा, जीव वाचेल. बाप म्हणाला, 'मुलासमोर सांगायची लाज वाटते, आधी त्याला मारा.' त्यांनी मारलं. मग म्हातारा हसला. 'पोरगं तरुण होतं, जिवाच्या भीतीने बोललं असतं. आता मला मारा. कृती माझ्याबरोबर जाईल.'

खडीसाखर

बापरे. काय बाप आहे.

झेंडू_फुले

आणि आयरिश गोष्टींतला तो जादूचा बुटका, लेप्रेकॉन, कुठे राहिला? हिरवा कोट, इंद्रधनुष्य, सोन्याचं मडकं?

तांबडी_माती

हिरवा कोट आणि इंद्रधनुष्य विमानतळावरच्या दुकानात जास्त. जुन्या वर्णनांत त्याचा कोट बऱ्याचदा लाल असतो. धंद्याने मोची, झुडपाखाली बसून बूट ठोकणारा आणि एक नंबरचा चिक्कू. त्याच्यावरची नजर हलली की तो नाहीसा. त्याचे पूर्वज शोधायचे तर आठव्या शतकातल्या फर्गस मॅक लेटी राजाच्या गोष्टीपर्यंत जावं लागतं. राजा समुद्रकाठी झोपलेला असताना पाण्यातली बुटकी माणसं त्याला ओढून न्यायला लागतात. पाय पाण्यात बुडाल्यावर तो जागा होतो आणि त्यांना पकडतो. सुटकेच्या बदल्यात काय मिळतं? पाण्याखाली पोहण्याची विद्या. सोनं नावालासुद्धा नाही.

झेंडू_फुले

म्हणजे सोनं नंतर चिकटलं. बरं, मला लाल पट्ट्याची गोष्ट माहीत आहे, सांगून टाकते. एक शेतकरी लेप्रेकॉनला पकडतो, दरडावतो, 'सोनं दाखव.' तो शेतात नेतो. शेतभर पिवळ्या फुलांचं रॅगवर्ट नावाचं तण. त्यातल्या एका रोपाकडे बोट दाखवतो, 'याच्या खाली.' फावडं घरी राहिलेलं. शेतकरी स्वतःच्या पायमोज्याचा लाल पट्टा त्या रोपाला बांधतो आणि लेप्रेकॉनकडून शपथ घेतो की हा पट्टा सोडणार नाहीस. शपथ घेतल्यावर त्याला जाऊ देतो. फावडं घेऊन धावत येतो तर शेतातल्या झाडून सगळ्या रोपांना लाल पट्टे. शपथ मोडली का? नाही. पट्टा सोडलाच नाही.

रा_रा_गोखले

ही गोष्ट कोणत्याही करारावर सही करण्यापूर्वी वाचावी. तीस वर्षं वकिली केली, यापेक्षा चांगला धडा दिला नसता.

खडीसाखर

आयर्लंडचं खरं गुप्तधन मालवणला होतं. वराड गावच्या घराण्यातला लिओ वराडकर २०१७ ला तिकडे पंतप्रधान झाला.

लिफीकाठची

😂 इथल्या गणपतीत हा विनोद दरवर्षी होतो.

कार्लिंगफर्ड नावाच्या गावात तर स्थानिक लोक सांगतात की त्यांच्या डोंगरावर २३६ लेप्रेकॉन शिल्लक आहेत आणि युरोपीय कायद्याने त्यांना संरक्षण आहे. तोंडाची रेषही न हलवता सांगतात.

पडवीतली_खुर्ची

सांजवात, तुमच्या प्रश्नावर माझं मत. या गोष्टी म्हणजे गावाने बसवलेली राखण. गढीत खणाल तर गाई मरतील, हात लुळा पडेल, वर्षाच्या आत तिरडी उठेल असं सांगितलं की कुणी फावडं लावत नाही. पुरातत्त्व खातं जन्माला यायच्या आधी याच भीतीने हजार-दीड हजार वर्षांच्या वास्तू टिकल्या. सोनं न मिळणं हा त्या गोष्टीचा कायदा आहे. मिळायला लागलं असतं तर एकही गढी उरली नसती.

तांबडी_माती

खुर्चीवाले काका, अर्धं पटलं. भीतीने गढ्या वाचल्या हे खरं. पण सोन्याच्या त्याच गोष्टींपायी दगडांच्या कितीतरी प्राचीन कबरी लोकांनी उकरल्या. गोष्ट एका हाताने अडवते आणि दुसऱ्या हाताने पत्ता देते.

आणि ज्यांना गावची भीती लागू नव्हती त्यांचं काय? ताराची टेकडी, आयर्लंडच्या प्राचीन राजांचं ठिकाण. १८९९ ते १९०२ या काळात 'ब्रिटिश इस्रायली' नावाच्या पंथाचे लोक तिथे खणत होते. इंग्रज म्हणजे इस्रायलच्या हरवलेल्या टोळ्यांचे वंशज आणि बायबलातली कराराची पेटी ताराखाली पुरलेली आहे, अशी त्यांची खात्री. एका रॅथची पार वाट लावली. डब्ल्यू. बी. येट्स, डग्लस हाइड आणि जॉर्ज मूर या आयरिश कवी-लेखकांनी लंडनच्या वर्तमानपत्रात निषेधाचं पत्र लिहिलं, आयरिश स्वातंत्र्यवादी मॉड गॉनने टेकडीवर जाऊन होळी पेटवली. पेटी अर्थातच निघाली नाही. इथे मांजरही आलं नाही आणि बैलही नाही, आले ते कवी.

आडवळण

'आले ते कवी' 👌 मांजर परवडलं.

मिठाचा_खडा

एक गंभीर मुद्दा. या गोष्टींत एक काळा प्रकार आहे, तो कुणी काढला नाही. सोनं पुरताना सरदार विचारतो, 'याची राखण कोण करेल?' एखादा भोळा शिपाई पुढे होतो, 'मी करीन.' तिथेच त्याचं डोकं उडवतात आणि सोन्यावर पुरतात. मुंडकं नसलेला जो माणूस येतो ना, तो हा. त्याने होकार दिलेला असल्यामुळे त्याला सुटका नाही.

आपल्याकडे राखणदार, धनावरचा नाग, पायाळू माणसाला जमिनीतलं दिसतं, हे सगळं आजीच्या तोंडून ऐकताना छान वाटतं. पण गुप्तधनापायी खरोखर माणसं मारली गेली आहेत. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधाच्या नावाखाली होणारी अघोरी कृत्यं वेगळी नोंदवावी लागली ती उगाच नाही. धागा वाचून कुणाला अमावस्या आठवत असेल तर कृपया झोपा.

पडवीतली_खुर्ची

मिठाचा खडा, बरं केलंत लिहिलंत.

सांजवात

मला तो शिपाई वाचताना सोन्यापेक्षा जास्त चटका लावून गेला. काही वह्यांत खणणाऱ्यांबरोबर धर्मगुरूही असतो, तो प्रार्थना वाचतो आणि वाचता वाचता अडखळला की सगळं फिसकटतं. म्हणजे अपयशाचा दोष प्रत्येक गावात वेगळ्या माणसावर.

कंदील

मिळाल्याची एक गोष्ट आहे हो! आयर्लंडमध्ये ती बऱ्याच ठिकाणी सांगतात. एका गरीब माणसाला स्वप्न पडतं की लिमरिकच्या पुलावर जा, नशीब उघडेल. कुठे लिमरिक असतं, कुठे थेट लंडन ब्रिज. बायको वेड्यात काढते, तो चालत जातो. पुलावर दिवसभर येरझाऱ्या घालतो. शेवटी तिथला एक दुकानदार विचारतो, 'बाबा रे, काय हरवलंय?' हा स्वप्नाचं सांगतो. दुकानदार पोट धरून हसतो. 'स्वप्नांच्या नादी लागलो असतो तर मीही आज कुठल्याशा खेड्यात, कुणाच्याशा परड्यातलं काटेरी झाड उकरत बसलो असतो.' आणि वर्णन करतो ते याच्याच परड्याचं. हा मुकाट्याने घरी येतो, खणतो, मडकं निघतं.

पण खरी मजा पुढे. मडक्यावर लोखंडी झाकण, त्यावर अगम्य अक्षरं. सोनं काढून घेतात आणि झाकण चुलीपाशी पडून राहतं. काही काळाने एक फिरस्ता विद्यार्थी रात्रीपुरता आसरा मागतो. तेव्हा तिकडे असे गरीब विद्यार्थी गावोगाव फिरायचे, लॅटिन-बिटिन येणारे. बटाटे खाता खाता तो झाकण उचलतो आणि वाचतो, 'जेवढं या बाजूला, तेवढंच त्या बाजूला.' नवरा-बायको एकमेकांकडे बघतात आणि त्याला म्हणतात, 'दमला असाल, झोपा आता.'

रा_रा_गोखले

आणि विद्यार्थ्याला सकाळी किती दिले?

कंदील

गोखलेकाका, त्याबद्दल गोष्ट गप्प आहे. 😄

अलिप्त

ही गोष्ट आयरिश नाही. फारसी कवी रूमीच्या 'मस्नवी' या काव्यात आहे, बगदादचा माणूस कैरोला जातो. अरबी कथांतही आहे. इंग्लंडात स्वॉफमचा फेरीवाला आहे. उगाच सेल्टिक गूढ वगैरे म्हणू नये.

कंदील

गूढ कोण म्हणालं? पूल, परडं, बटाटे आणि तो विद्यार्थी तिथला आहे. बगदादचा विद्यार्थी बटाटे खात होता का?

रा_रा_गोखले

आता प्रत्यक्षात सापडलेल्याकडे वळू, कारण कायद्याचा खरा मसाला तिथे आहे.

१८९६. आयर्लंडच्या उत्तरेला लिमावाडीजवळ ब्रॉयटर इथे नांगराला सोनं लागलं. त्यात वीतभर लांबीची सोन्याची नाव, आत बसायची बाकं, बारीक वल्ही, डोलकाठी, सगळं सोन्याचं. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातलं काम. हातोहात विकलं जाऊन ते ब्रिटिश म्युझियममध्ये गेलं. डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीने तक्रार केली आणि १९०३ मध्ये लंडनला खटला उभा राहिला. मुद्दा काय? परत येऊन काढून नेऊ अशा बेताने पुरलं असेल तर ते राजाचं. देवाला कायमचं वाहिलं असेल तर राजाचा हक्क नाही. म्युझियमचं म्हणणं, ही समुद्रदेव मॅनॅननला वाहिलेली नाव आहे, तिथे पूर्वी पाणी होतं. राजाच्या बाजूने वकील एडवर्ड कार्सन. त्याने या समुद्रदेवाची यथेच्छ खिल्ली उडवली आणि खटला जिंकला. राजाने ते सोनं डब्लिनच्या अकादमीला दिलं. आज अभ्यासक काय म्हणतात? बहुतेक देवाला वाहिलेलंच असावं. 😀 कोर्टात देव हरला.

दुसरा, १९८०. टिपरेरीत दलदलीत उंचवट्यासारखं असलेलं डेरीनाफ्लान, तिथे पडकं चर्च. वेब नावाचे बापलेक मेटल डिटेक्टर घेऊन गेले आणि चांदीचा चषक, तबक वगैरे आठव्या-नवव्या शतकातला चर्चचा ऐवज निघाला. मालकी कुणाची यावर खटला १९८७ पर्यंत चालला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, इंग्लंडच्या राजाचा जुना हक्क आमच्या प्रजासत्ताकात चालत नाही, पण सार्वभौम राज्य म्हणून मालकी सरकारचीच. शोधणाऱ्यांना ५० हजार पौंड बक्षीस. त्यानंतर कायदा कडक झाला.

आपल्याकडे १८७८ चा कायदा: दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुरलेलं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक. दहा रुपये!

तांबडी_माती

गोखलेकाका, डेरीनाफ्लानचं एक राहिलं. त्याच ठिकाणी गोबान सेर या दंतकथेतल्या महान कारागिराची कबर दाखवतात, चषक निघण्याच्या कितीतरी आधीपासून. मी यातून काही सिद्ध करत नाही. फक्त सांगतोय.

अशीच गोष्ट समुद्रातली. १५८८ मध्ये स्पॅनिश आरमाराचं जिरोना जहाज अँट्रिमच्या कड्यांवर फुटलं, हजारावर माणसं बुडाली. जहाज नेमकं कुठे बुडालं याबद्दल पुस्तकांत घोळ, पण तिथल्या कोळ्यांच्या तोंडी 'पोर्ट ना स्पॅनिया', 'स्पॅनियार्ड रॉक' ही नावं. रॉबेर स्तेन्वी या बेल्जियन पाणबुड्याने नावांवर भरवसा ठेवून १९६७ मध्ये तिथेच बुडी मारली आणि सोनं सापडलं. माणकं जडवलेली सोन्याची पंखवाली पाल आता बेलफास्टच्या संग्रहालयात आहे.

लिफीकाठची

आणि माझा सगळ्यात लाडका, आर्डाचा चषक. १८६८, लिमरिक काउंटीतलं रीरास्टा. दोन पोरं गढीत बटाटे काढत होती. गढीतच, बरं का! स्वप्न नाही, मध्यरात्र नाही, मौन नाही. काटेरी झाडाच्या मुळाशी कुदळ खोल गेली आणि आठव्या शतकातला चांदीचा चषक, सोबत चार ब्रोच. चषकावर सोन्याच्या तारेची इतकी बारीक नक्षी आहे की काचेला नाक लावलं तरी नीट दिसत नाही, मला भिंग लागलं. लिमरिकच्या बिशपने ५० पौंड देऊन तो घेतला. आज गेलिक फुटबॉलचा सॅम मॅग्वायर करंडक त्याच घडणीचा आहे.

आडवळण

म्हणजे सोनं होतंच! गढीत, काटेरी झाडाखाली! वह्यांतल्या गोष्टी खऱ्या निघाल्या की.

तांबडी_माती

होतंच. डब्लिनच्या संग्रहालयातलं कांस्ययुगीन सोनं युरोपातल्या मोठ्या संग्रहांत मोडतं आणि ते उरलेलं आहे. १८५४ मध्ये क्लेअरमध्ये रेल्वेचं काम करणाऱ्या मजुरांना मूआन इथे प्रचंड सोनं लागलं, त्यातलं बहुतेक सोनारांनी वितळवलं. लॉख री या सरोवरातल्या हेअर बेटावर १८०२ मध्ये सापडलेले व्हायकिंगांचे सोन्याचे जाडजूड दंडवाळे, सुमारे पाच किलो, तेही मुशीत गेले.

आता सांजवात यांच्या मूळ प्रश्नाकडे. ज्यांना सोनं लागलं त्या मजुरांनी ते मिळेल त्या भावाला विकलं आणि पुन्हा कामावर गेले. जमीन जमीनदाराची, पैसा सोनाराचा, वस्तू संग्रहालयाची. खंड भरून कसणाऱ्याच्या हातात काय उरलं? 'इथे होतं' एवढी गोष्ट. त्यामुळे 'हाताशी आलं आणि गेलं' ही मला कल्पना वाटतच नाही, तो त्यांचा अनुभव आहे. मुंडकं नसलेल्या माणसाला दोष देणं जमीनदाराला दोष देण्यापेक्षा सोपं होतं.

सांजवात

हे पटतंय, पण सगळं नाही. वह्यांमधला सूर रडका नसतो हो. 'माझ्या आजोबांच्या चुलत्याने अमक्या शेतात खणलं, खड्डा अजून दिसतो' असं लिहिताना त्या बारा वर्षांच्या पोराला चक्क अभिमान वाटत असतो. आमच्या शेतात सोनं आहे! कुणी काढलं असतं तर शेत साधं झालं असतं. मला वाटतं खुर्चीवाले काका राखण म्हणतात ती सोन्याची नसून त्या बढाईची असावी.

अलिप्त

बढाई हे बरोबर आहे. आमच्या परड्यात काही नाही असं सांगणारं गाव मी अजून पाहिलेलं नाही.

पडवीतली_खुर्ची

तांबडी माती, जमीनदाराचा मुद्दा मानला तरी एक विचारतो. जमिनी शेतकऱ्यांच्या नावावर झाल्यानंतर, १९३७ मध्येही पोरं तेच लिहीत होती. मग?

तांबडी_माती

काका, आजोबांना विचारून लिहीत होती ना. आजोबा खंडकरी होते.

झेंडू_फुले

एक बारीक शंका. भाचा पुढच्या महिन्यात कॉर्कला चाललाय नोकरीसाठी. त्याच्यासोबत मेटल डिटेक्टर पाठवला तर चालेल का?

रा_रा_गोखले

अजिबात नको! पुराणवस्तू शोधायला डिटेक्टर वापरायचा तर तिकडे सरकारी परवानगी लागते, नाहीतर गुन्हा. भाच्याला बटाटे काढायला सांगा. ते कायदेशीर आहे आणि आजवरचा निकालही चांगला आहे.

झेंडू_फुले

काका, तो जावा प्रोग्रॅमर आहे. कोथिंबीर निवडायला दिली तरी यूट्यूब लावतो.